हे बियाचं रोप आहे, कलम नाही

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा. काम थांबवून ऐकायला कुणाला वेळ असतो?

आज आम्ही फळांच्या बियांबद्दल बोलणार आहोत. मॉलमध्ये, पिंपरीच्या मंडईत, आता तर चाकणच्या हातगाडीवरसुद्धा नवी नवी फळं दिसतात. अ‍ॅव्होकाडो, किवी, ड्रॅगन फ्रूट. त्यांचं बी घरी लावलं तर उगवतं का? उगवलं तर फळ धरतं का? आणि ती रोपं विकून गटाला चार पैसे मिळतात का? आम्ही हे सगळं करून बघितलं. त्यात आमचं हसं झालं आणि एक नुकसानही झालं. तेही सांगणार आहोत, कारण ते ऐकलं तर तुमचं टळेल.

आमचा गट बारा जणींचा. खराबवाडीत भाड्याच्या खोल्यांत राहतो. कुणी लातूरची, कुणी बीडची, कुणी वाशीमची, एक मावशी जुन्नरकडच्या, बाकीच्या इथल्याच आजूबाजूच्या. नवरे कंपन्यांत, बहुतेक कंत्राटी. आमच्यातल्याही काही जणी पॅकिंगला जातात, काही कॅन्टीनला. परवाच्या परवा दिवाळीत कॅन्टीनला जाणाऱ्या ताईंनी एक पिशवी भरून बिया आणल्या. लिंबापेक्षा मोठ्या, तपकिरी, गोल गरगरीत. साहेब लोकांच्या जेवणात अ‍ॅव्होकाडो होतं, त्याचा गर काढून बिया कचऱ्यात चालल्या होत्या. ताई म्हणाल्या, "एक फळ शंभर-सव्वाशे रुपयांना मिळतं म्हणे. त्याचं बी फेकून कसं द्यायचं?" मोजल्या तर चाळीस निघाल्या.

मोबाइलवर बघून आम्ही कामाला लागलो. बी स्वच्छ धुवायचं, त्याला मधोमध तीन दात कोरायच्या काड्या टोचायच्या आणि पाण्याच्या ग्लासवर ते ठेवायचं, म्हणजे खालचा भाग पाण्यात आणि वरचा बाहेर राहतो. निम्म्या जणींनी बी उलटं ठेवलं. रुंद, चपटी बाजू खाली आणि निमुळतं टोक वर, हे महिनाभरानं कळलं. बारा घरांच्या खिडक्यांत चहाचे ग्लास मांडले आणि चहा प्यायला घरात ग्लास उरले नाहीत. वर आशाताई घरभेटीला आल्या, त्यांनी ग्लासात वाकून बघितलं आणि आम्हाला चांगलं फैलावर घेतलं. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूच्या दिवसांत आम्ही घरोघरी डास पाळले होते! तेव्हापासून एक दिवसाआड पाणी बदलायला लागलो.

खरं सांगायचं तर ग्लासची काही गरज नाही. ते बघायला छान दिसतं, पोरांना मुळी कशी फुटते ते दिसतं, एवढंच. उरलेल्या बिया आम्ही सरळ पिशवीत माती, शेणखत आणि थोडी वाळू भरून, अर्ध्या मातीत अर्ध्या वर अशा ठेवल्या, त्याच जास्त जोमानं आल्या. बी आधी मधून तडकतं, मग खाली मुळी सोडतं आणि नंतर वर लालसर कोंब येतो. चार ते आठ आठवडे लागतात, थंडीत जरा जास्तच. चाळीसपैकी एकतीस उगवली. मार्चपर्यंत वीतभर, काही हातभर झाली. पानं मोठी, तुकतुकीत, बघत राहावं अशी.

मग आला आठ मार्च. मोशीतल्या एका मोठ्या सोसायटीनं महिला दिनाला बचत गटांचे स्टॉल लावायला बोलावलं होतं. कुणी पापड नेले, कुणी शेंगदाण्याची चटणी, आम्ही सोबत रोपं नेली. चटणी पडून राहिली आणि रोपं हातोहात गेली. दीडशे रुपयाला एक, बावीस रोपं, तीन हजार तीनशे रुपये. पिशव्या आणि खताचा खर्च चारशेच्या आत. एवढा नफा आमच्या गटानं कधी बघितला नव्हता.

घेणारी प्रत्येक बाई एकच विचारत होती, "फळ किती वर्षांनी येईल?" आणि आम्ही सगळ्या एका सुरात सांगत होतो, "दोन-तीन वर्षांत." कुणी सांगितलं होतं आम्हाला? कुणीच नाही. आंब्याच्या कलमाला तेवढे दिवस लागतात, म्हणून यालाही लागत असतील असं धरून चाललो होतो.

स्टॉल आवरताना एक वयस्कर काका आले. मुलाकडे राहतात, आयुष्यभर रोपवाटिकेत कलमं बांधायचं काम केलेलं. त्यांनी रोप हातात घेतलं, बुडखा बोटानं चाचपला आणि विचारलं, "ताई, हे बियाचं की कलमाचं?" आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बियाचं! आम्ही स्वतः उगवलंय." काका हसले नाहीत. म्हणाले, "हापूसचा बाठा लावून कधी हापूस आलाय का?"

ऐकून आम्ही गप्प झालो. कारण हे आपल्या आज्ज्यांनाही माहीत होतं. हापूस खाऊन बाठा परसात टाकला, तो उगवला, वाढला, तरी त्याला जो आंबा येतो तो रायवळच म्हणायचा. गोड निघेल, आंबट निघेल, नुसता दोऱ्याचा निघेल, सांगता येत नाही. काकांनी तिथंच खुर्चीवर बसून समजावलं. बी म्हणजे लेकरू. त्यात आईचं असतं तसं बापाचंही असतं. फुलावर कुठल्या झाडाचा पराग माशीनं आणून टाकला ते फळ विकणाऱ्यालाही माहीत नसतं. एका आईची पाच लेकरं सारखी निघतात का? मग एका फळाच्या पाच बिया सारख्या कशा निघतील? कलम मात्र लेकरू नसतं, ते आईचाच तुकडा असतं. म्हणून कोकणात आंब्याच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधतात, त्याला कोयकलम म्हणतात. खालची मुळं कुणाचीही असोत, वर येणारा आंबा हापूसच.

सगळ्याच झाडांचं असं नसतं, हेही काकांनी सांगितलं. आपल्या कागदी लिंबाचं बी लावलं तर बहुतेक रोपं आईसारखीच येतात. पण अ‍ॅव्होकाडोचं तसं नाही. बियापासूनच्या झाडाला फळ धरायला सात-आठ वर्षं लागतात, कधी दहाच्या पुढे जातात, आणि धरलंच तर ते दुकानातल्यासारखं असेल याची काही खात्री नाही. शिवाय हे झाड आपल्याकडे निलगिरी, कोडगू, वायनाड अशा थंड, ओलसर डोंगरांत रमतं. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या झळांनी त्याच्या पानांच्या कडा जळतात. सावली आणि पाणी दिलं तर जगतं, पण त्याला जपावं लागतं.

त्या रात्री गटाची बैठक झाली आणि आमच्यात कधी नव्हे ते भांडण झालं. एक बाजू म्हणत होती, आपण मुद्दाम खोटं बोललो नाही, लोकांनी रोप बघून घेतलंय, झाड तर जगतंय ना, मग झालं. तीन हजार तीनशे रुपयांतून एका ताईच्या मुलीच्या अकरावीच्या पुस्तकांना अंतर्गत कर्ज द्यायचंही ठरून गेलं होतं. दुसरी बाजू म्हणत होती, त्याच सोसायटीत आपल्याला दिवाळीला फराळ विकायचाय. तीन वर्षांनी कुणी विचारलं, "फळ कुठंय?" तर काय सांगायचं? वाशीमच्या ताईंचं बोलणं आम्हाला लागलं. त्या म्हणाल्या, "मागच्या साली माझ्या भावाला बोगस बियाणं मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी त्या दुकानदाराला शिव्या दिल्या. आता आपण दुकानदार झालो."

मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप पाठवला. कागदावर चार वेळा लिहून काढला तेव्हा कुठं जमला. ही रोपं बियांची आहेत, कलमं नाहीत, फळाला सात ते दहा वर्षं लागू शकतात, फळ न येण्याचीही शक्यता आहे, आम्ही दोन-तीन वर्षं सांगितलं ते चूक होतं, ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी रविवारी गेटवर रोप घेऊन यावं. रविवारी आम्ही दोघी-तिघी गेटवर जाऊन बसलो. पोटात गोळा आला होता. सहा जणी रोपं घेऊन आल्या, नऊशे रुपये परत गेले. बाकीच्यांनी ठेवून घेतली. एक म्हणाली, पानं छान आहेत, फळाचं बघू. पुस्तकांसाठी पैसे उरले, सगळे नाही, पण पुरले.

गोष्ट इथं संपली असती तर आम्ही रेडिओवर आलोही नसतो. परत आलेली सहा रोपं आणि आमच्याकडे उरलेली सात, अशी तेरा रोपं झाली. दोन आधीच मेली होती. आता भाड्याच्या खोलीत तेरा झाडं कुठं ठेवायची? आमचा करार अकरा महिन्यांचा. घरमालक गॅलरीत कुंडी ठेवू देतो हेच खूप, आणि आपण लावायला निघालो दहा वर्षांनी फळ देणारं झाड! जुन्नरकडच्या मावशी म्हणाल्या, मी उन्हाळ्यात गावी जाते तेव्हा घेऊन जाते, विहिरीच्या बांधाला लावते. एप्रिलमध्ये त्या पोत्यात रोपं घालून एसटीनं घेऊन गेल्या आणि गोठ्याच्या आडोशाला सावलीत ठेवली.

मावशींच्या तीन शेळ्या आहेत. मे महिन्यात एका दुपारी दावं सुटलं आणि दुभत्या शेळीनं तेराच्या तेरा रोपांचे शेंडे फस्त केले. मावशी रोपांसाठी हळहळल्या, शेळीची कुणाला काळजी वाटली नाही, शेळी काय सगळंच खाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिची कास सुजून दगडासारखी झाली, दूध आटलं, ती चारा सोडून कोपऱ्यात उभी. पशुवैद्यक डॉक्टर आले, त्यांनी आधी विचारलं, काय खाल्लं? मावशींनी खुडलेलं रोप दाखवलं. नाव ऐकल्यावर डॉक्टर म्हणाले, हे झाड जनावरांना बाधतं.

मैत्रिणींनो, हे नीट ऐका. अ‍ॅव्होकाडोच्या पानांत, सालीत आणि बीमध्ये पर्सिन नावाचं एक द्रव्य असतं. माणसानं पिकलेला गर खाल्ला तर काही होत नाही. पण शेळ्या, मेंढ्या, गायी, घोडे, ससे आणि पिंजऱ्यातले पक्षी यांना ते बाधतं. काही जातींत जास्त असतं, काहींत कमी. दुभत्या जनावराची कास सुजते, दूध कमी होतं किंवा बंद होतं, आणि जास्त पोटात गेलं तर हृदयावर परिणाम होऊन जनावर दगावतंसुद्धा. मावशींची शेळी औषधोपचारांनी वाचली, पण त्या वेताचं दूध गेलं. तिची दोन करडं बाटलीच्या दुधावर वाढवावी लागली. औषधाचा खर्च गटानं भरला. रोपं आमचीच होती ना.

आणि मग आम्हाला आठवलं, मोशीच्या सोसायटीतल्या एका ताईंनी त्यांचं रोप आंबेगावला माहेरी पाठवलं होतं. पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरा निरोप, की हे झाड गुरं-शेळ्यांपासून लांब ठेवा, छाटलेल्या फांद्या गव्हाणीत टाकू नका. लोक म्हणाले असतील, या बायकांचं रोप म्हणजे दर महिन्याला नवा निरोप. म्हणोत. तुमच्या घरी कुंडीत अ‍ॅव्होकाडो असेल तर ठेवा, शोभेला छान आहे. पण परड्यात, गोठ्याजवळ, चरायच्या वाटेवर लावू नका.

एवढं झाल्यावर खरं तर बियांचं नावच टाकायचं. पण ते मोशीचे काका आमच्या मागेच लागले. म्हणाले, एका फळावरून सगळ्या बियांना नावं ठेवू नका. त्यांनी आम्हाला पुण्यातल्या गणेशखिंडच्या बागेची गोष्ट सांगितली. ही बाग इथून फार लांब नाही, औंधच्या अलीकडे. १९२७ साली तिथं डॉक्टर चीमा यांनी लखनौहून आणलेल्या पेरूच्या बियांची रोपं वाढवली होती. त्यातलं एक झाड वेगळं निघालं. बुटकं, पसरट, फळ मोठं, आत पांढरा गोड गर. त्याला लखनौ-४९ हे नाव पडलं, पुढे सरदार. आपण पुणे जिल्ह्यात इतकी वर्षं जो पेरू मीठ-तिखट लावून खातोय त्यातला पुष्कळसा हाच. ते झाड बियापासूनच आलं होतं, पण पसरलं ते कलमांनी. त्या पेरूचं बी लावून तोच पेरू मिळेल असं कुणी धरलं नाही. आणि पेरू तरी कुठं आपला? पेरू, पपई, सीताफळ, अननस, काजू, अगदी आपली हिरवी मिरची, सगळं पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेकडून आलेलं. आपल्या पणजीच्या पणजीला ही सगळी परदेशीच फळं होती.

अ‍ॅव्होकाडोचीही अशीच गोष्ट आहे. दुकानात जे काळपट, खडबडीत सालीचं मिळतं ते 'हास' जातीचं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमननं १९२६ च्या सुमारास आपल्या जमिनीत एक बी लावलं. त्यावर दुसऱ्या चांगल्या जातीचं कलम बांधायचा त्याचा विचार होता, पण कलम काही धरेना. झाड तोडायच्या बेतात होता. तेवढ्यात त्याला फळं लागली आणि ती घरच्या पोरांना आवडली म्हणून झाड वाचलं, असं सांगतात. १९३५ मध्ये त्यानं त्याचं पेटंट घेतलं. आज जगभर जेवढी हासची झाडं आहेत ती सगळी त्या एका झाडाच्या काड्यांपासून बांधलेली. मूळ झाड २००२ मध्ये गेलं.

आपल्या देशातली गोष्ट हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातली. हरिमन शर्मा या शेतकऱ्यानं घरी खाल्लेल्या सफरचंदाच्या बिया परसात टाकल्या होत्या. त्यांचा भाग उष्ण, तिथं सफरचंद येत नाही अशी सगळ्यांची समजूत. एक रोप टिकलं, काही वर्षांतच त्याला फळ आलं. त्यापासून त्यांनी एचआरएमएन-९९ ही गरम हवेतही येणारी जात पुढे आणली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे बियातून असं काही निघतं. पण अशी किती बी लावली गेली आणि त्यातलं एक निघालं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. स्वतःची जमीन असेल, घाई नसेल, तर लावा की. आमच्यासारख्या अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांनी गटाचे पैसे त्यात घालायचे नाहीत, एवढं आम्ही ठरवलं.

मग आमच्यासारख्यांनी काय लावायचं? गेल्या पावसाळ्यापासून आम्ही तीन गोष्टी लावतोय आणि त्यातली एक तर सोनं निघाली.

ती म्हणजे रसभरी. मुंबईकडे हिला टिपारी म्हणतात. मॉलमध्ये 'गोल्डन बेरी' असं काहीतरी लिहिलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत मिळते. कागदासारख्या पातळ कवचात पिवळं धमक फळ असतं. ही टोमॅटो-मिरचीच्या कुळातली. तिचं बी बहुतेक आईसारखंच फळ देतं, आणि तेही लावल्यापासून चार-पाच महिन्यांत. आम्ही एक डबी आणली, फळं सगळ्यांनी वाटून खाल्ली आणि चार फळं बियांसाठी ठेवली. ती पाण्यात कुस्करून चहाच्या गाळणीत धुतली, बी कागदावर सावलीत सुकवलं. मिरचीचं वाफ टाकतो तसंच टाकायचं. वर मातीचा अगदी पातळ थर, झारीनं पाणी. आठ-पंधरा दिवसांत उगवतं. रोप बोटभर झालं, चार-पाच पानं आली की एकेकटं पिशवीत काढायचं. पुढे मोठी कुंडी किंवा तेलाचा डबा, आणि फांद्या पसरतात म्हणून एक काठी आधाराला. जूनमध्ये टाकलं तर दिवाळीपासून थंडीभर फळं मिळतात. कवच वाळून गवताच्या रंगाचं झालं आणि फळ आपोआप खाली पडलं की ते पिकलं असं समजायचं. हिरवं फळ पोरांना खाऊ देऊ नका, कच्चं बाधतं. हिला ऊन लागतं आणि मावा पडतो. मावा दिसला की आम्ही शेंडा पाण्यानं धुतो, निंबोळी अर्क फवारतो.

एका डबीतून शेकड्यानं बी निघालं. साठ रोपं तगली, पन्नास आम्ही वीस-वीस रुपयांनी विकली, हजार रुपये आले. अ‍ॅव्होकाडोच्या मानानं कमीच आहेत. पण जानेवारीत त्याच मोशीच्या सोसायटीतून एका ताईंनी मोबाइलवर फोटो पाठवला, ताटलीभर पिवळ्या फळांचा. तो फोटो आमच्या गटातल्या प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये आहे.

दुसरं कृष्णफळ, म्हणजे पॅशन फ्रूट. आपल्या कृष्णकमळाच्या वेलाची बहीण. फळ कापलं की आत काळ्या बियांभोवती आंबटगोड रस असतो. बी फडक्यात चोळून त्यावरचा बुळबुळीतपणा काढायचा, एक दिवस पाण्यात भिजवायचं आणि ताजं असतानाच लावायचं. दोन ते चार आठवड्यांत उगवतं, वेल चांगला वाढला तर वर्ष-दीड वर्षात फळ धरतो. त्याला मांडव लागतो, आम्ही गच्चीच्या कठड्याला तारा बांधल्या. जांभळ्या फळाचा वेल बहुतेक एकटाच फळ धरतो, पिवळ्या फळाच्या जातीला शेजारी दुसरा वेल लागतो. आणि दोघांनाही भुंगा लागतो, तो मोठा काळा लाकूड पोखरणारा भुंगा. तो आला की पोरं चपला घेऊन धावतात. त्याला मारू देऊ नका.

तिसरं ड्रॅगन फ्रूट, गुजरात सरकारनं २०२१ मध्ये ज्याचं नाव कमलम ठेवलं ते. याचं बी तिळापेक्षा बारीक, गरातच असतं. धुऊन ओल्या मातीवर नुसतं भुरभुरवायचं, पुरायचं नाही. डबीला झाकण लावून ठेवलं की एक-दोन आठवड्यांत हिरवं रान उठतं. इतकी रोपं येतात की मोह होतो सगळी विकायचा. पण बियाच्या रोपाला फळ यायला चार-पाच वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. तेच जर ओळखीच्या शेतकऱ्याकडून हातभर फांदी आणली, चार-सहा दिवस सावलीत ठेवून तिची कापलेली बाजू सुकू दिली आणि मग लावली, तर दीड-दोन वर्षांत फळ. ते सुद्धा ज्या झाडाची फांदी, त्याच चवीचं. सांगली-सोलापूरकडे याच्या बागा फांदीपासूनच लावतात. आम्हीही आता बी पोरांच्या हौसेला ठेवलंय आणि विकायला फांदीची रोपं करतो.

किवी आणि सफरचंदाबद्दल फार बोलत नाही. ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये दोन-अडीच महिने ठेवलं तर सफरचंदाचं बी मोड धरतं, किवीचंही उगवतं. पण किवीच्या वेलाला खरी थंडी लागते, शिवाय त्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. आपल्याकडे नुसता पाला बघायचा. आणि पपई, जी आपण सर्रास खातो ती तैवानची संकरित, तिचं बी लावलं तर कुठलं झाड कसं निघेल नेम नाही, म्हणून शेतकरी दर वेळी नवीन बियाणं घेतात. परसात एखादं झाड लावायचं तर लावा, पण त्याचं रोप 'तैवान' म्हणून विकू नका.

एक गोष्ट आमच्या भागातल्या बायकांसाठी मुद्दाम. इथं भंगाराच्या दुकानात कंपन्यांचे निळे ड्रम आणि कॅन स्वस्तात मिळतात, अर्धे कापून झक्क कुंडी होते. पण त्यात आधी काय होतं ते विचारल्याशिवाय घेऊ नका. रसायनाचा, रंगाचा, कापायच्या तेलाचा ड्रम कितीही धुतला तरी खायच्या झाडाला वापरू नये. आम्ही हॉटेलातले खाद्यतेलाचे डबे आणि तांदळाच्या गोण्या वापरतो. तळाला भोकं पाडायची, नाहीतर मुळं कुजतात.

आता आमच्या प्रत्येक पिशवीला एक चिठ्ठी असते. शाळेत जाणाऱ्या पोरींच्या अक्षरात. त्यावर फळाचं नाव, 'बियाचं' की 'फांदीचं' की 'कलम', फळाला साधारण किती दिवस, आणि आमचा फोन नंबर. अ‍ॅव्होकाडोच्या पिशवीवर लाल पेनानं लिहिलेलं असतं, 'शेळी-गाय यांच्यापासून लांब, शोभेचं समजून घ्या', आणि किंमत पन्नास रुपये. हो, अजून करतो आम्ही थोडी. कॅन्टीनच्या ताई अजून बिया आणतात, त्यांना टाकवत नाहीत. परवा एका बाईंनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, असं लिहिलं तर कोण घेईल तुमचं? आणि दोन घेऊन गेल्या.

जुन्नरच्या मावशींची ती शेळी यंदा पुन्हा व्याली आहे, दूध देतेय. त्यांच्या विहिरीच्या बांधाला आता सरदार पेरूची चार कलमं आहेत, शेळी पोचणार नाही असं कुंपण करून.

पाऊस तोंडावर आलाय. रसभरीचं बी आमच्याकडे आहे, ज्यांना हवं त्यांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खराबवाडीला आमच्या बैठकीला यावं. पैसे नकोत. येताना एक रिकामी डबी आणा, आणि तुमच्याकडे कशाचं गावरान बी असेल तर तेही आणा. नमस्कार.